रेडिओचाचांचा वॉचमन

आगरदांड्याजवळच्या एका गावात माझी शाळेवर नेमणूक झाली, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "खोली हवी असेल तर रेडिओचाचांकडे जा. माडी रिकामी आहे. फक्त बोलता बोलता ते मध्येच उठून गेले तर मनावर घेऊ नका."

मी गेले. पडवीत वेताच्या खुर्चीवर एक उंच, सडसडीत गृहस्थ बसले होते. पांढरी आखूड दाढी, इस्त्रीचा शर्ट, खाली चौकड्यांची लुंगी. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि लगेच घराचे गुणदोष सांगायला सुरुवात केली. घर दाखवणारा माणूस आधी दोष सांगतो हे मी पहिल्यांदाच बघत होते.

"पाणी चोवीस तास. पण जरा मचूळ. वारा भरपूर, कपडे उडतात. पावसाळ्यात एखादा विंचू निघतो, घाबरायचं न्हाय. आणि वरच्या..."

एवढ्यात आतल्या खोलीत टिंग टिंग टिंग असा आवाज झाला. चाचांनी एक बोट वर केलं, वाक्य तसंच हवेत ठेवलं आणि आत गेले. आतून त्यांचा खणखणीत आवाज आला.

"हॅलो, इस्माईल बोलतोय. प्रेशरची गोळी. छोटी, पांढरी. गोळी घ्या, वर पाणी घ्या. ओव्हर."

थोडी शांतता. मग, "ठीक हाय. आउट."

ते परत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "...न्हाणीची कडी जरा उचलून लावायला लागते."

मी खोली घेतली.

चाचांनी उभी हयात मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढली होती. कानाला हेडफोन लावायचा, कडकट्ट कडकट्ट संदेश ऐकायचे आणि पाठवायचे, हे त्यांचं काम. मग उपग्रह आले आणि जहाजावरची ती खोलीच गेली. "आमची जात संपली, टीचर," असं ते सांगत, पण सांगताना त्यांना दुःख झालेलं मी कधी पाहिलं नाही. जात संपली तरी सवयी शाबूत होत्या. विचार करताना त्यांची बोटं टेबलावर मोर्सच्या ठेक्यात नाचत. फोनवर प्रत्येक बोलण्याच्या शेवटी ते 'ओव्हर' म्हणत आणि समोरच्यानेही म्हणावं असा आग्रह धरत. त्यामुळे गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हा शब्द बसला होता. खालच्या आळीतल्या चांगुणाकाकी तर शेजारणीशी भांडतानाही बोलणं संपलं की "वव्हर!" म्हणून दार लावून घेत.

हे फोन कसे सुरू झाले त्यालाही फार मोठा इतिहास नाही. चाचांच्या बायकोला, जैनबचाचींना, थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यावी लागे आणि त्या रोज आधी चहा पीत. चाचांनी त्यांच्यासाठी संगणकावर एक आठवण लावली. मग चाचींच्या बहिणीसाठी एक लावली. मग चांगुणाकाकींचा मुलगा, जो मुंबईला कारखान्यात होता, तो गणपतीला आला तेव्हा म्हणाला, "चाचा, आमच्या आयेला पण एक फोन कराल काय? माझा ती उचलते आणि व्हय व्हय करते, गोळी काय घेत न्हाय." चाचांनी त्यांचंही नाव टाकलं. आमच्या गावात निम्म्या घरांतली तरणी माणसं मुंबईला आणि उरलेल्यांतली अर्धी आखातात. घरांत राहिली होती ती सगळी गोळ्या खाणारी. यादी वाढत गेली.

त्या प्रोग्रामला चाचा 'वॉचमन' म्हणत. लॅपटॉप दुबईला असलेल्या त्यांच्या मुलाचा, सलीमचा, जुना. त्यावर लिनक्स नावाची संगणकप्रणाली होती. सलीम एकदा म्हणाला होता की सगळी दुनिया वापरते ते घालून देतो, पण चाचांनी ऐकलं नाही. त्यांचं म्हणणं असं, "जहाज समुद्रात असताना दुरुस्तीवाला येत न्हाय. जे बिघडलं त्याचं झाकण आपण उघडायचं. ज्याचं झाकण उघडत न्हाय ती वस्तू माझी न्हाय, मी तिचा." लिनक्सचं झाकण उघडतं, म्हणून ते त्यांचं. उघडल्यावर आत काय आहे ते सगळं त्यांना कळे असं मात्र नाही. पण उघडायची मुभा आहे एवढ्यावर ते खूश होते. मी शाळेत विज्ञान आणि संगणक शिकवते म्हटल्यावर त्यांनी मला जहाजावर नवीन आलेल्या सहकाऱ्यासारखं वागवायला सुरुवात केली. म्हणजे रोज संध्याकाळी चहाबरोबर एक तांत्रिक प्रश्न.

मोबाईलवर गजर का लावत नाही, असं मी एकदा विचारलं होतं.

"खिशातल्या वस्तूचं माणूस ऐकत न्हाय," ते म्हणाले. "उठून जावं लागलं पायजे. उठलं की काम होतं."

म्हणून लॅपटॉप आतल्या खोलीत आणि त्याच्या शेजारी टेबलावरचा जुना फोन, ज्याला नुसते आकडे होते, आधी कुणाला लावला होता ते दाखवणारी खिडकी नव्हती. चाचांना सगळे नंबर पाठ.

आता गंमत अशी की जुन्या तारेच्या सवयीने चाचा आठवणी फार थोडक्यात लिहीत. 'चांगुणा प्रेशर.' 'हलीमा डोळे.' 'बकरी सोडणे.' त्यातून एकदा मोठा घोळ झाला होता. पडद्यावर आलं, 'सुलेमान दात.' चाचांनी लगेच आपल्या जुन्या दोस्ताला फोन लावला. "सुलेमान, इस्माईल बोलतोय. दात. ओव्हर." पलीकडे शांतता. सुलेमानमियांची कवळी कपाटात आणि कवळी घातल्याशिवाय त्यांचं बोलणं कळायची पंचाईत. त्यांनी जे काही उत्तर दिलं ते चाचांना 'ठीक हाय' असं ऐकू आलं. सुलेमानमियांनी लगबगीनं कवळी चढवली, टोपी घातली आणि ते कुणी पाहुणे येणार म्हणून दारात बसून राहिले. दुपार टळली, पाहुणे येईनात, तेव्हा ते चिडून आमच्या पडवीत आले. "मला दात घालायला लावलेस, ते कोणासाठी?" चाचांची बोटं खुर्चीच्या हातावर नाचू लागली. चाची आतून म्हणाल्या, "अवो, मुरुडच्या डॉक्टरकडे त्यांचा नंबर होता सकाळी." दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग इतके हसले की सुलेमानमियांची कवळी काढून ठेवावी लागली.

तर असा हा वॉचमन वर्षानुवर्षं इमानाने चालला होता. आणि एके दिवशी तो बिघडला.

झालं होतं असं की लॅपटॉपवर नवी आवृत्ती घेण्याची सूचना आली आणि चाचांनी ती घेतली. पडदा नवा कोरा दिसायला लागला. वरची पट्टी मोकळी, मोठी अक्षरं, चाचा खूश. दोनचार दिवसांनी ते मला जिन्यात म्हणाले, "टीचर, वॉचमन म्हातारा झाला. बोललेलं परत बोलतो."

मी घाईत होते. "म्हणजे?"

"हलीमाला डोळ्यांचं औषध टाकायला सांगितलं. झालं म्हणून बटण दाबलं. थोड्या वेळाने हा परत, हलीमा डोळे. मी म्हटलं, अरे, आत्ताच तर सांगितलं."

रविवारी बघू, असं मी म्हणाले. आठवणी इतक्या होत्या की टिंग टिंग दिवसभर चालूच असे. त्यात दुपारी लॅपटॉप झोपायचा आणि जागा झाला की साठलेल्या आठवणी एकदम ओरडायच्या. कोणती पहिली, कोणती दुसरी, ते कळणं कठीणच. आणि जैनबचाचींचं मत वेगळं होतं. त्या निवडलेल्या तांदळाचं सूप बाजूला ठेवत मला हळूच म्हणाल्या, "मशीन कशाला दोनदा बोलेल, बाय? हेच बटण दाबायला विसरत असतील. परवा चष्मा कपाळावर आणि शोधतायत पलंगाखाली."

चाचांनी ते ऐकलं. त्यांचा कान पहिल्यापासून तिखट. टेबलावरची त्यांची बोटं थांबली.

त्यानंतर दोनतीन दिवसांतली गोष्ट. सकाळी 'चांगुणा प्रेशर' वाजलं, चाचांनी फोन केला, काकींनी गोळी घेतली. पुढे थोड्या वेळानं पुन्हा 'चांगुणा प्रेशर'. चाचा उठून टेबलाशी गेले आणि उभे राहिले. आपण फोन केला होता असं त्यांना वाटत होतं. पण चाचींचं बोलणं कानात होतं, आणि यंत्र सांगत होतं की नाही केलास. जहाजावर शिकलेला नियम असा की आठवणीपेक्षा यंत्रातली नोंद खरी. त्यांनी फोन लावला. "चांगुणावहिनी, प्रेशरची गोळी. ओव्हर."

तिकडे चांगुणाकाकींनाही वाटलं की आपण गोळी घेतली होती. पण इस्माईल सांगतोय म्हणजे घेतली नसेल. इस्माईल कधी चुकत नाही. त्यांनी दुसरी गोळी घेतली, वर पाणी प्यायल्या, 'वव्हर' म्हणाल्या आणि माळ्यावरची सुकी मासळी काढायला शिडीवर चढल्या.

नशीब की दुसऱ्याच पायरीवर होत्या. चक्कर येऊन पडल्या त्या खाली ठेवलेल्या सुतळीच्या बारदानांवर. शेजारणीने आरडाओरडा केला, रिक्षा आली, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळी किती घेतली? काकी अर्धवट शुद्धीत म्हणाल्या, "सकाळची एक. मगाशी इस्माईलनं सांगितली ती एक."

हाड मोडलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत रक्तदाब जागेवर आला आणि त्यांना घरी सोडलं. पण गोष्ट गावभर झाली. आणि ती चाचांपर्यंत सगळ्यात शेवटी पोचली, कारण त्यांना सांगायला कुणाची जीभ रेटेना. शेवटी चाचींनीच सांगितली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा लॅपटॉप मिटलेला होता आणि त्याच्यावर चाचींचा क्रोशाचा रुमाल घातला होता. फोनचा रिसीव्हर जागेवर, चाचा खुर्चीत. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "टीचर, मला तपासा."

"मी? कशाबद्दल?"

"डोक्याबद्दल. शाळेत पोरांना विचारता तसे प्रश्न विचारा. डॉक्टरकडे मी जाईनच. आधी घरात कळू दे."

मी म्हटलं, जहाजांची नावं सांगा. त्यांनी पहिल्या जहाजापासून सगळी सांगितली, प्रत्येकाच्या रेडिओ-खुणेसकट, कप्तानाच्या नावासकट, आणि कुठल्या जहाजावरचा आचारी आमटीत साखर घालायचा तेही. मी म्हटलं, चाचा, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं आहे.

"जुनं सगळ्यांनाच आठवतं," ते म्हणाले. "आजचं विचारा."

दाराशी उभ्या असलेल्या चाचींनी विचारलं, "आज नाश्त्याला काय खाल्लंत?"

"घावन."

"घावन काल. आज भाकरी होती."

चाचांचा चेहरा उतरला तो मला बघवेना. बाहेर कुणाच्या तरी होडीच्या इंजिनाची फटफट ऐकू येत होती. मग चाचींनी कपाळाला हात लावला. "या अल्ला. न्हाय न्हाय, आजच घावन. भाकरी काल होती. माझंच चुकलं."

मला हसू फुटलं. चाचींनाही. चाचा मात्र हसले नाहीत. "बगा," ते म्हणाले, "कोणाचं खरं मानायचं?"

पुढचे काही दिवस घर विचित्र झालं. टिंग टिंग नाही, ओव्हर नाही. चाचा पडवीतही बसेनात, कारण रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण चौकशी करी. चांगुणाकाकींना भेटायला जायचं म्हणून ते दोनदा पायात चपला घालून निघाले आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. कुणाला फोन करायला चाची तयार झाल्या तर ते म्हणत, "नको. ज्याला स्वतःचा भरवसा न्हाय त्याच्या घरून फोन जायला नको."

रविवारी मी सकाळीच रुमाल काढला आणि लॅपटॉप उघडला. चाचा लांब उभे राहिले, आपल्या ओळखीच्या माणसाचं ऑपरेशन बघावं तसे.

घड्याळ तपासलं, बरोबर होतं. यादी तपासली, प्रत्येक आठवण एकदाच लिहिलेली. एक खोडून नव्याने लिहिली. सूचना बंद करून चालू केल्या. लॅपटॉप पुन्हा सुरू केला. मग प्रोग्राम काढून टाकला आणि नवा घातला. या सगळ्यात जेवणाची वेळ झाली. चाचींनी बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला, आणि जेवताना कुणी संगणकाचं नाव काढलं नाही.

जेवून झाल्यावर चाचा स्वतःच पुढे आले. "असं न्हाय, टीचर. आवाज जास्त असला की सगळं बंद करायचं. एकच स्टेशन ठेवायचं. सगळ्या आठवणी बाजूला काढा. एकच लावा. आणि झोपायचं न्हाय म्हणून सांगा त्याला."

मी यादी दुसरीकडे जपून ठेवली, लॅपटॉपची झोप बंद केली आणि एकच आठवण लिहिली. काय लिहू, असं विचारल्यावर चाचा म्हणाले, "चहा." वेळ लावली चारची.

चार वाजता टिंग टिंग टिंग झालं. 'चहा.' मी चाचांकडे बघितलं आणि म्हटलं, "आता झालं हे बटण तुम्ही दाबा. मी आणि चाची साक्षीदार." चाचांनी दाबलं. आम्ही तिघांनी दाबताना पाहिलं. आम्ही चहा केला, प्यायला, वाट बघितली. पाच वाजले तरी काही नाही. मला वाटलं, नवा घातल्यामुळे दुरुस्त झालं असावं. पण चाचांचा चेहरा आणखीच पडला. मग माझ्या लक्षात आलं की वॉचमन ठीक असेल तर बिघाड कुणात, असा त्यांनी हिशेब केला होता.

तेवढ्यात चाचींच्या मोबाईलवर सलीमचा फोन आला. दर रविवारी येई तसाच. चाची स्पीकरवर बोलू लागल्या. "जेवलास का? झोपला होतास? आवाज कसा जड येतोय. किती वाजले तुझ्याकडे?"

"आत्ता चार वाजतायत, अम्मी," सलीम म्हणाला.

आणि आतून आवाज आला. टिंग टिंग टिंग.

आम्ही तिघंही धावलो. पडद्यावर 'चहा'. आमच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच.

मोबाईलमधून सलीम "हॅलो, हॅलो" करत होता. चाचांची बोटं टेबलावर वाजायला लागली, आधी सावकाश, मग भराभर.

"दीड तास," ते म्हणाले. "टीचर, दीड तास! हा आपल्या घड्याळावर चालत न्हाय. हा दुबईच्या घड्याळावर चालतो. दुसरा कोणी तरी हाय आत."

पुढचं काम सोपं होतं. हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून, आत्ता आत काय काय चालू आहे ते दाखव असं मी लॅपटॉपला विचारलं. लांबलचक यादी आली. तिच्यात आम्हाला माहीत असलेला वॉचमन होता, आणि बराच खाली दुसरा एक होता, जुन्या नावाचा.

"हा तर सलीमनं दुबईत घातलेला," चाचा म्हणाले. "त्याची अक्षरं बारीक म्हणून मी दुसरा आणला. ह्याला तर मी कधीच काढला."

स्पीकरवरून सलीमने विचारलं, "अब्बा, काढला म्हणजे काय केलंत?"

"चिन्ह उचललं आणि कचऱ्यात टाकलं."

"चिन्ह गेलं हो. प्रोग्राम कुठे जातोय? तो आतच बसला असणार."

म्हणजे तो जुना वॉचमन इतकी वर्षं आत निपचित पडला होता. नवी आवृत्ती आली तेव्हा तो जागा झाला आणि लॅपटॉप सुरू झाला की आपणहून कामाला लागू लागला. आठवणींची यादी दोघांची एकच, पण 'झालं'ची नोंद ज्याची त्याच्याकडे. घड्याळ मात्र त्याने स्वतःचं, दुबईचं, धरून ठेवलं होतं. पूर्वी वरच्या पट्टीत त्याचं चिन्ह दिसलं असतं. पण नव्या आवृत्तीने ती पट्टी मोकळी केली होती. ज्या मोकळ्या पट्टीवर चाचा खूश झाले होते, तिनेच त्याला लपवलं होतं.

चाचा खुर्चीवर बसले. "एका फ्रिक्वेन्सीवर दोन ऑपरेटर," ते पुटपुटले. "आणि मी आपला समजतोय, माझाच कान गेला."

मी त्या जुन्याला थांबवलं आणि मुळापासून काढून टाकलं. काढण्याआधी लॅपटॉपने विचारलं, नक्की काढू का? मी चाचांकडे बघितलं. ते म्हणाले, "सलाम करा त्याला. ड्यूटी सोडली न्हाय बिचाऱ्यानं."

जैनबचाची नवऱ्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या होत्या. "म्हणजे तुमचं डोकं ठीक हाय," त्या म्हणाल्या. बोलताना त्यांनी ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. त्यांनाही इतके दिवस झोप नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

"डोकं ठीकच होतं," चाचा म्हणाले. "मीच त्याचं ऐकलं न्हाय."

त्याच संध्याकाळी ते चपला घालून निघाले आणि या वेळी कोपऱ्यावरून परतले नाहीत. मला बरोबर घेतलं होतं, बहुधा तांत्रिक साक्षीदार म्हणून. चांगुणाकाकी ओटीवर बसून कोलंबी सोलत होत्या. चाचा अंगणातच उभे राहिले. दुबई, दीड तास, दोन वॉचमन, असं सगळं त्यांनी क्रमाने सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "वहिनी, यंत्र चुकलं हे खरं. पण फोनवर आवाज माझा होता. माफ करा."

काकींनी मान वर केली. "झालं तुझं?"

"झालं."

"मग ऐक. पडले ती पडले. एका गोळीनं मरायला काय मी चिमणी हाय? पन त्या दिवसापासून फोन बंद केलास तो कोणाला विचारून? मी सकाळी फोनपाशी बसतंय. वाजत न्हाय. मना वाटलं, इस्माईल गेला."

काकींनी त्यांना ओटीवर बसवलं आणि चहा टाकायला सुनेला हाक मारली. सून मुंबईहून सासूची काळजी घ्यायला आली होती. तिने चहा आणून ठेवला आणि विचारलं, "पण चाचा, पुन्हा असं झालं तर?"

चाचांनी ते उत्तर वाटेतच तयार केलं असावं. दुसऱ्या दिवसापासून ते अमलात आलं. आता ते फोनवर 'गोळी घ्या' असं सांगत नसत. 'गोळी घेतली का?' असं विचारत. समोरच्याने आज काय घेतलं आणि कधी घेतलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं, आणि चाचांनी ते परत म्हणून दाखवायचं, मग ओव्हर. ज्याला आठवत नसेल त्याने मनाने काही घ्यायचं नाही, आधी डॉक्टरला विचारायचं. फोन लांबले. 'ठीक हाय, आउट' एवढ्यात संपणाऱ्या कामाला आता गप्पा फुटायला लागल्या. हलीमाआपा औषधाबरोबर सुनेचं गाऱ्हाणं सांगत. सुलेमानमिया आधी दात घालून मग फोनवर येत. संध्याकाळच्या चहाला चाचांकडे तांत्रिक प्रश्न कमी आणि गावच्या बातम्या जास्त असत.

सलीमने नवा लॅपटॉप पाठवायची तयारी दाखवली होती. चाचांनी नको म्हणून सांगितलं. पण एक शिस्त त्यांनी स्वतःला लावून घेतली. दर शुक्रवारी नमाजाहून आले की ती काळी खिडकी उघडायची आणि आत काय काय चालू आहे ती लांबलचक यादी वरपासून खालपर्यंत वाचायची. त्यातल्या बहुतेक नावांचा अर्थ त्यांना कळत नसे, मलाही नसे. "कळायला कशाला पायजे?" ते म्हणत. "गल्लीत कोण कोण राहतं ते माहीत असलं म्हणजे झालं." एखादं नवं नाव दिसलं की जिन्यातून हाक येई, "टीचर, एक पाहुणा आलाय!"

पुढे माझी बदली म्हसळ्याकडे झाली. निघताना चाचांनी माडीच्या दाराशी येऊन मला पुन्हा एकदा घराचे दोष सांगितले, नवीन येणाऱ्याला सांगायचं काही राहून गेलं का ते तपासायला. मी दोन वाढवून दिले. त्यांनी आनंदाने मान डोलावली.

त्यानंतर एकदाच ते मला दिसले. एका लग्नासाठी मी आगरदांड्याला आले होते आणि परत जाताना दिघीच्या फेरीबोटीत बसले. खाली गाड्या लागत होत्या, माणसं वर चढत होती. पलीकडच्या कठड्याशी चाचा आणि चाची उभे. चाचींच्या हातात उकडलेल्या शेंगांचा पुडा. खाडीच्या तोंडाशी एक मोठं मालवाहू जहाज नांगर टाकून उभं होतं आणि चाचा हात लांब करून त्याच्याबद्दल काही समजावत होते, कुठून आलं असेल, कशासाठी थांबलं असेल. चाची शेंगा सोलत होत्या आणि जहाजाकडे बिलकूल बघत नव्हत्या.

फेरी सुटली तसा वारा अंगावर आला. मी हाक मारणार, तेवढ्यात चाचींची ओढणी उडाली आणि सरळ चाचांच्या तोंडावर जाऊन बसली, डोक्यापासून हनुवटीपर्यंत. चाचींनी ती काढायला हात पुढे केला, पण हातात शेंगा होत्या, म्हणून राहू दिला. चाचांनीही ती काढली नाही. हात तसाच जहाजाकडे धरून ते ओढणीच्या आतून बोलत राहिले. चाचींनी एक शेंग सोलली, ओढणीचं टोक जरासं उचललं आणि दाणे त्यांच्या तोंडात घातले.